शेगडीच्या काचेवरचे तीन थेंब

तुळसाबाई काचेची भांडी धुते. काय काम करता असं कोणी विचारलं की ती एवढंच सांगते, आणि विचारणारा हसतो. भांडी काय, सगळ्याच बाया धुतात. पण यवतमाळच्या आमच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या संशोधन प्रयोगशाळेत, एकोणीस वर्षांपासून ती ज्या नळ्या आणि चंबू धुते आहे, त्यांच्यावर नखाएवढा डाग राहिला तरी कोणाचं महिन्याभराचं काम वाया जातं.

ती मूळची राळेगावकडची. नवरा गेल्यावर दोन लेकी घेऊन इथं आली आणि कॉलेजात झाडूला लागली. तेव्हाच्या एका म्हाताऱ्या सरांनी तिला काच धुवायला शिकवलं. धुतलेला चंबू उजेडात उलटा धरायचा. पाणी पडद्यासारखं एकसंध खाली उतरलं, तर काच साफ. मधेच तुटून थेंब झाले, तर तेलकटपणा राहिला, पुन्हा धुवा. तुळसाबाई त्याला "पाणी फुटलं" म्हणते. आमचं घर कॉलेजच्या मागच्याच ले-आउटच्या वस्तीत, आणि आमचे हे, रामराव, त्याच विभागात स्टोअरकीपर, म्हणून सुटी झाली की पाच वाजता ती माझ्याकडे चहाला टेकते. एकदा माझ्या ओट्यावरचा ग्लास उचलून तिनं खिडकीकडे धरला आणि म्हणाली, "वैनी, पाणी फुटून राह्यलं तुमच्या गिलासात. साबण बदला."

"माझ्या घरात येऊन माझ्याच भांड्याला नावं ठेवता?"

"नावं नाई ठेवत बाप्पा. भांडं सोताच सांगून राह्यलं."

ती बुद्धविहारात जाणारी, मी चिंतामणी गणपतीची. सुरुवातीची काही वर्षं तिचा कप मी वेगळ्या फळीवर ठेवत होते. पुढे तो आपोआप बाकीच्या कपांत आला. त्यावर ती तेव्हाही काही बोलली नाही, नंतरही नाही.

यंदा श्रावणापासून प्रयोगशाळेत काहीतरी बिघडलं. ममता नावाची राजूरची मुलगी तिथं पीएच.डी. करते. भाजलेल्या जखमेवर लावायची एक पातळ, आरपार दिसणारी चकती ती बनवते. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली पूड पाण्यात घोटायची, साच्यात ओतायची आणि वाळवायची. अशी चकती जखमेला चिकटत नाही, काढताना कातडी ओढली जात नाही. दोन वर्षं तिच्या चकत्या छान येत होत्या. श्रावणापासून घोटतानाच गुठळ्या व्हायला लागल्या, घाईत केलेल्या पिठल्यात होतात तशा. पूड नवी मागवली, तरी तेच. मग विभागप्रमुख सरांनी बोट दाखवलं ते भांड्यांकडे. धुतल्यावर काचेला सोडा राहत असणार, म्हणाले.

तुळसाबाईचं कंत्राट दर वर्षी सप्टेंबरच्या तीस तारखेला संपतं आणि एक तारखेपासून पुन्हा चालू होतं. यंदा सरांनी कागदावर सही केली नव्हती.

"वय झालं तिचं," हे जेवताना म्हणाले. "हात चालत नाई आता पहिल्यासारखा. सर तरी काय करतील?"

मला ते पटलं. खरं लिहायचं तर, मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. मी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर वहीत चार ओळी लिहिते. वीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. त्या दिवसांतल्या माझ्या ओळी अशा: "तुळसाबाई पिशवी पदराखाली झाकून गेली." "आज चहा अर्धा टाकला. विचारलं तर म्हणे डोकं दुखते." "पिशवीत काचेचा आवाज आला. प्रयोगशाळेतलं काही नेते का?" मधे मला ममताचाही संशय आला. स्वतःची चूक लपवायला ही पोरगी गरीब बाईला पुढं करत नसेल कशावरून? एक दिवस ती भाजीच्या गाडीवर भेटली तेव्हा मी आडून विचारलंही. ती म्हणाली, "काकू, मावशींवर माझा संशय नाही. पण सरांना दाखवायला माझ्याकडे दुसरं कारण पण नाही." डोळे सुजलेले होते तिचे. तरी घरी येऊन मी वहीत लिहिलं, "बोलायला गोड आहे."

महिना संपायला तीन दिवस होते. संकष्टी होती, मी उपासाचं थालीपीठ लावत होते. दुपारी अडीचलाच तुळसाबाई दारात उभी. हातात तीच पिशवी.

"आज लवकर कशा?"

"सुटीच घेतली. वैनी, तुमची शेगडी जरा कोमट ठेवा अन् मले तिच्यावर जागा द्या."

माझी शेगडी काळ्या काचेची आहे. पाणी सांडून वाळलं की तिच्यावर पांढरे डाग पडतात, रोज घासावे लागतात. तुळसाबाईनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. प्रयोगशाळेतल्या कॅनमधलं पाणी, म्हणाली. वाफ करून, थंड करून काढलेलं शुद्ध पाणी त्या कॅनमध्ये भरून ठेवतात. धुतलेली भांडी शेवटी त्यानंच खंगाळायची आणि ममताची पूडही त्यातच घोटायची. तिनं शेगडीच्या काचेवर आमच्या नळाचा एक थेंब टाकला, त्याच्या शेजारी बाटलीतला एक.

"आता चांगलं पाणी कसं असते ते दिसाले पायजे," ती म्हणाली. "बॅटरीत टाकाचं पाणी असंल ना तुमच्याकडं? तेबी शुद्धच असते."

इन्व्हर्टरखाली कॅन होता. मीच ओढून आणला आणि तिसरा थेंब टाकला.

आम्ही दोघी शेगडीपाशी उभ्या राहिलो. दहा मिनिटांत तिन्ही थेंब वाळले. नळाच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं उरलं. माझ्या अभिषेकपात्राला बोअरच्या पाण्यानं जशी पांढरी खपली धरते, तसंच. बॅटरीच्या थेंबाच्या जागी काहीच नव्हतं, काच जशी होती तशी. आणि प्रयोगशाळेच्या थेंबाच्या जागी कडं होतं. नळापेक्षा फिकं, पण होतं.

"म्हणजे कॅनमध्ये साधं पाणी आहे?"

"मिसळलेलं हाय. ममता म्हणते, पाण्यातल्या चुन्यानंच तिची पूड गोठते. आठ दिवस झाले, घरी थाळीत वाळवून पाहून राह्यली मी. थाळीत नीट दिसे नाई." तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "माह्या हातात खोट नाई, वैनी. एवढंच पाहाचं होतं."

चहा न घेताच ती गेली.

मी कॅन परत जागेवर ठेवायला उचलला. उजेडाच्या बाजूला वळवला तेव्हा दिसलं. काळ्या मार्करनं काहीतरी लिहिलेलं होतं आणि कोणीतरी ते घासून काढलं होतं. पहिली दोन अक्षरं घासायची राहिली होती. केमि.

वही काढली. मागची पानं उलटत गेले. उन्हाळ्यापर्यंत लिहिलेलं होतं, "बॅटरीचं पाणी दुकानातून आणलं." मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात: "दिवसभर लाईन नव्हती. ह्यांनी बॅटरीसाठी पाणी आणलं." पंधरा दिवसांनी पुन्हा. सप्टेंबरात दोनदा, त्यातलं एकदा शेजारच्या विठ्ठलरावांच्या बॅटरीसाठी. एकाही ठिकाणी दुकानाचं नाव नाही. सगळं माझ्याच अक्षरात.

सहाला हे आले. मी कॅन टेबलावर ठेवला होता.

"हा काहून इथं?"

"कुठून आणला ते सांगा."

"स्टोअरमधून. चार-पाच लिटरची गोष्ट. आजकाल सगळेच नेतात."

"आणि तिथं कमी पडलं ते?"

"कूलरमधून भरलं. पिण्याचं पाणी हाय ते, फिल्टरचं. गटारीचं थोडीच भरलं?"

"त्या पाण्यानं ममताची पूड गोठते. तुळसाबाईचं काम सुटायची पाळी आली."

ते खुर्चीवर बसले. कॅन स्वतःकडे वळवून म्हणाले, "मले नव्हतं मालूम. देवाशपथ, पाणी म्हंजे पाणी असंच वाटलं." आणि मग, "आता सांगून काय होणार? नोकरीची दोनच वर्षं राह्यली माझी. तुळसाबाईले मी दुसरीकडं लावून देतो."

"कुठं?"

ते उठून हातपाय धुवायला गेले.

चंद्र निघायला वेळ होता. मी चिंतामणीच्या तसबिरीपुढे बसले. काय करू म्हणून विचारलं. तो थोडाच बोलतो! मनात आलं, वहीतली चार पानं फाडायला कितीसा वेळ लागतो? ह्यांची नोकरी राहील, घराचं नाव राहील. पण मग उद्या पाच वाजता ती चहाला आली की मी तिच्यापुढे कोणत्या हातानं कप ठेवणार? त्या दिवशी वहीत मी एकच शब्द लिहिला: "सांगायचं."

सकाळी वही आणि कॅन घेऊन मी कॉलेजात गेले. हे माझ्या आधीच निघून गेले होते. ममतानं तिची प्रयोगाची वही काढली. तारखा लावल्या. ऑगस्टमधला ह्यांचा पहिला कॅन, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिची पहिली गुठळी. नवा कॅन आला की तिच्या एक-दोन चकत्या बऱ्या निघायच्या, मग ह्यांची एक फेरी आणि पुन्हा गुठळ्या. तिनं शुद्ध पाण्याच्या यंत्रातून ताजं पाणी थेट चंबूत घेतलं आणि तुळसाबाईनं धुतलेल्या काचेतच पूड घोटली. साच्यात ओतलेलं ते पातळ मी पाहिलं. साच्याच्या तळाशी चिकटलेला आकडा त्यातून स्पष्ट वाचता येत होता.

"काकू, सरांना काकांचं नाव सांगावं लागेल," ती हळूच म्हणाली.

"म्हणून तर वही आणली."

सरांनी तुळसाबाईच्या कागदावर सही केली. माफी वगैरे मागितली नाही, "चला, एक प्रश्न मिटला" एवढंच म्हणाले. ह्यांना लेखी समज मिळाली आणि स्टोअरची किल्ली काढून घेतली. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. चहा हवा असला की रिकामा कप ओट्यावर आणून ठेवतात.

एक तारखेला पाच वाजता तुळसाबाई आली. चहा घेतला, पूर्ण. मग म्हणाली, "भाऊंचं नाव तुम्ही कायले घेतलं वैनी? घरात भांडण झालं असंल."

"मग कोणाचं घ्यायचं होतं?"

ती कपाकडे पाहत राहिली. "मले मालूम होतं. दोन आठवड्यांआधी भाऊंना कॅन नेताना पाह्यलं होतं म्या."

मी चमकले. म्हणजे ती शेगडी, ते तीन थेंब, बॅटरीचं पाणी मागणं! सगळं ठरवून आली होती ही बाई. मला रागच आला. "मग सरांना का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं म्हणाले असते, सोताची चूक दुसऱ्यावर ढकलून राह्यली."

"मला सांगायचं सरळ. एवढं नाटक कशाला?"

"तुम्ही आयकलं असतं?"

मी तिचा रिकामा कप उचलला. ती गेल्यावर वही उघडून ते दोन आठवडे पुन्हा वाचले. तिच्या पिशवीबद्दल तीन ठिकाणी लिहिलेलं होतं, झाकलेली, काचेचा आवाज आला, सगळं तपशिलानं. ह्यांच्या हातातल्या कॅनबद्दल दोनच शब्द होते. "पाणी आणलं."