लाथेच्या जागी

मॅडमनं माह्या हातातलं पान घेतलं अन् मोठ्यानं वाचाले लागली. नाकातून. आमच्या बायांसारखा हेल काढून.

"मंग तो मले म्हने, काऊन व, कोनाले इचारून लाकडं तोडली?"

टेबलाभोवतीचे सारे हसले. फोटो काढनारा पोट्टा हसला. हिशेबाचे सर तं पोट धरून हसले. मॅडमनं चष्मा काढून डोळे पुसले.

"किती गोड बोलतात ना या बायका," मॅडम म्हनाली. मंग माह्याकडं पाह्यलं. "पण अगं, हे छापायचंय. असलं अशुद्ध कोण वाचणार? नीट मराठी करून आण."

ते पान माह्या मायचं होतं. मॅडमले ते माहीत होतं.

वर्ध्याच्या एका संस्थेत मी टायपिंग करत होती. जंगलाच्या कडेनं राहनाऱ्या बायांवर पुस्तक निघनार होतं. त्यायनं सांगायचं, मी माह्या मोबाइलात भरायचं, मंग हापिसात हेडफोन लावून टाइप करायचं. हे काम मले भेटलं, कारन मी त्यायच्यातलीच. कारंजा घाडग्याच्या पुढं, जंगलाले लागून आमची टोली, लहानशी वस्ती. आमी गोंड. चुलीपाशी गोंडी, बाजारात वऱ्हाडी. अन् शाळेत छडी. 'मले' म्हटलं की हातावर छडी. गुरुजी म्हनत, "मले नाही, मला. म्हण." मी म्हनतच नव्हती. मी बोलनंच सोडलं. मुकी पोट्टी म्हनून वर्गात वळख होती माही.

मॅडम माह्या खुर्चीमागं येऊन उभी राह्यली.

"फाइंड अँड रिप्लेस येतं ना? वर टाक 'मले', खाली टाक 'मला'. रिप्लेस ऑल. झालं. दोन मिनिटांचं काम."

मी बटन दाबलं. साऱ्या बायायच्या तोंडातलं 'मले' एका झटक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं कागद टेबलावर आपटले. "'सगळे लोक जमला'? 'चालून चालून पाय दमला'? हे काय केलंस?"

जमले. दमले. त्या शब्दायच्या पोटातही 'मले' होतं. कॉम्प्युटरनं तेही उचललं. मी सांगाले लागली. मॅडमनं हात वर केला.

"साधं कामही जमत नाही तुम्हा लोकांना."

आतापर्यंत मी 'तू' होती. एकाएकी 'तुम्हा लोकांना' झाली. खोलीत तवा त्या लोकायतली मी एकटीच होती.

मंग एकएक शब्द शोधून बदलला. शोधलं की शब्द पिवळा होये. पाहायचं, बदलायचं. पुढचा. 'काऊन' गेलं, 'का' आलं. 'माह्या' गेलं, 'माझ्या' आलं. कानात मायचा आवाज, समोर कोन्या दुसऱ्याच बाईचं बोलनं. मले काम पायजे होतं. मी करत गेली.

एक दिवस मॅडमनं पेन्सिलनं खुना करून मायचं पान परत देलं. 'लाथ मारली' खाली रेघ. बाजूले लिहिलं होतं, 'हटकले'. 'गार्ड'च्या जागी 'कर्मचारी'. अन् 'पोटातलं लेकरू मेलं', त्याच्या जागी 'प्रकृती बिघडली'.

ते लेकरू माह्या पाठचं. माय मोळी घेऊन येत होती. जंगलाच्या गार्डनं मोळी खाली टाकाले लावली. मंग कमरेत लाथ घातली. माय पोटुशी होती. त्याले दिसत होतं.

"मॅडम, हे भाषेचं नाई," मी म्हटलं. "हे घडलेलं होय."

"पुरावा आहे का?" मॅडमनं इचारलं. "प्रकाशनाला वनखात्याचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर हे वाचायचं? सरक जरा."

तिनं माही खुर्ची बाजूले सारली. माऊस हातात घेतला. वर 'लाथ मारली'. खाली 'हटकले'. एक टिचकी. माह्यासमोर.

प्रकाशनाच्या दिवशी टोलीतल्या बायायले जीपनं वर्ध्याले आनलं. साऱ्यायले एकसारख्या हिरव्या साड्या. माय पह्यल्या रांगेत, मी तिच्या बाजूले. स्टेजवर कॉलेजची एक पोरगी गोड आवाजात वाचाले लागली.

"वनकर्मचाऱ्याने मला हटकले. त्यानंतर माझी प्रकृती बिघडली."

टाळ्या पडल्या. मायनं मले कोपर मारलं.

"कोनाचं होय व हे?"

"तुह्यं."

"माह्यं?" तिनं माह्याकडं पाह्यलं. पाहतच राह्यली. मंग उठली. पदर खोचला.

"ओ बाई, थांब. मी असं बोल्लीच नाई."

पोरगी थांबली.

"त्यानं लाथ मारली. इथं." मायनं कमरेवर हात ठेवला. "माह्यं लेकरू मेलं. प्रकृती काय असते?"

मॅडम हसत माइकवर आली. "आमच्या ताई जरा भावुक झाल्या आहेत." मंग माइकवर हात ठेवून, दात आवळून मले म्हनाली, "बसव तिला. आधी बसव."

सारे माह्याकडं पाहून राह्यले. मोठे साहेब घड्याळाकडं पाहून राह्यले. माहा हात मायच्या दंडापाशी गेला. गेलाच होता. तिचा हात कमरेवरच होता. मी हात मागं घेतला अन् उभी राह्यली.

"नाई बसवत," मी म्हटलं. "ती बरोबर बोलून राह्यली. तिचं बोलनं मी ऐकलं हाय, टाइप केलं हाय. तुमी बदललं. माह्यासमोर बदललं."

आवाज चिरकला. पन निघाला.

माइक बंद झाला. हिशेबाचे सर अंगावर आल्यासारखे आले, "चला, बाहेर चला." आमी तशाही निघालोच होतो. मागून दोन बाया उठल्या. बाकीच्या बसून राह्यल्या, माना खाली घालून. त्यायले जीपनंच घरी जायचं होतं.

एसटीत माय खिडकीकडं तोंड करून बसली. तशीच म्हनाली, "तुले माहीत होतं?"

"हाव."

कारंजाले उतरल्यावर माय म्हनाली, "आता लिहजो. मी जसं बोल्ली तसंच. एकही शब्द इकडचा तिकडं करू नोको."

दोन-चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज गोड.

"झालं गेलं विसर. सोमवारपासून ये. आणि येताना ती रेकॉर्डिंग्ज घेऊन ये. ती संस्थेची आहेत."

"आवाज बायायचा हाय," मी म्हटलं. "ज्यायचा आवाज, त्यायची रेकॉर्डिंग."

"मग कामावर येऊ नकोस."

"नाई येत."

आता मी घरोघरी जाऊन राह्यली. आधी बाईले तिचं छापलेलं पान वाचून दाखवतो, मंग मोबाइलातला तिचाच आवाज तिले ऐकवतो. इचारतो, यातलं तुह्यं कोनतं? काही बाया दार लावून घेतात. नवऱ्याले जंगलातच जा लागते, म्हनतात, आमाले यात पाडू नोको. काहीजनी शेवटपर्यंत ऐकतात, मंग म्हनतात, माह्यं पान त्या पुस्तकातून काढाले लाव. तसा अर्ज मी लिहून देतो. वर्ध्यात माही बदनामी चालू हाय. संस्थेचं खाल्लं अन् संस्थेवरच उलटली, म्हनतात. हाव, उलटली.

लाथेच्या जागी दुसरा शब्द मी चालू देनार नाई. ज्यानं लाथ मारली, त्याचं नाव मायले माहीत हाय. आजवर तिनं ते कोनालेच सांगितलं नव्हतं. कोनी इचारलंही नव्हतं. मी इचारलं.

आता तेही लिहीन. आडनावासकट.