काशप्पाच्या मातीला राजूबाई

राजूबाई हुलसूरला सून म्हणून आली तेव्हा तिथल्या ख्रिस्ती वस्तीत सातच घरं होती. चर्च म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली. ती तिच्या सासऱ्यानं, काशप्पानं, चार माणसं घेऊन बांधलेली. पाळक बिदरहून महिन्यातून एकदा येत. एरवी शास्त्र वाचायचं ते काशप्पानंच. वस्तीत कुणी मेलं, तर कबरीपाशी प्रार्थनाही त्यानंच करायची. राजूबाईला अक्षर येत नव्हतं. ती ऐकून पाठ करायची आणि भाकऱ्या थापता थापता वस्तीतल्या लेकरांकडून म्हणवून घ्यायची. अशी वीस वर्षं गेली. त्या लेकरांतल्या पोरी आया झाल्या.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात काशप्पा वारला. निजामाचे रझाकार आणि भारताची फौज यांच्या धामधुमीत बिदरची वाट बंद होती. पाळक येणं शक्यच नव्हतं.

"आता नुसतंच पुरू," वस्तीतला वडीलधारा मडिवाळप्पा म्हणाला, "प्रार्थना मागनं करतील पाळक."

राजूबाई प्रेतापाशी बसली होती. ती उठली.

"मामांनी सगळ्यांची माती केली. त्यांनाच मुक्यानं पुरायचं व्हय? मी म्हणते प्रार्थना."

"बाईमाणसानं? कबरीपाशी?"

"कामून न्हाई? रोज लेकरांसंगं म्हणते, तवा देव ऐकतोय की."

तिचा नवरा हरिबा बापाच्या पायांशी बसून होता. त्यानं मान वर केली. "म्हणू द्या तिला," तो म्हणाला. "अप्पाला तिचा आवाज आवडायचा."

पावसानं खड्ड्याच्या कडा ढासळत होत्या. राजूबाईनं सुरुवात नीट केली. पण सासऱ्याच्या तोंडावर चादर ओढली गेली आणि ती थांबली. पुढचे शब्दच आठवेनात. बाया मागं उभ्या होत्या. त्यांच्यातल्या, लहानपणी तिच्याकडूनच शिकलेल्या गौरम्मानं, कडेवर लेकरू घेऊन, पुढचा शब्द उचलला. मग दुसरीनं. मग लहान पोरांनी. शेवटी बाप्येही म्हणू लागले. हरिबानं पहिली मूठ माती टाकली.

दीड महिन्यानं पाळक आले. मडिवाळप्पानं त्यांना कबरीपाशी नेलं आणि पुन्हा प्रार्थना करायला सांगितली. पाळकांनी सगळं विचारून घेतलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "माती झालीय," ते म्हणाले. "आता पुन्हा कशाला?"

पुढच्या रविवारपासून प्रार्थना राजूबाईनं चालवायची, असं तेच ठरवून गेले. मडिवाळप्पा बरेच रविवार बाहेर ओट्यावरच बसला. नाताळाला मात्र तो नातीचा हात धरून आत आला आणि चटईवर टेकला.