पांझरेकाठचे पिंप

"मुंबईचे पाहुणे दारात उभे राहिले, तेव्हा पिंप रिकामे होते आणि आबा भरलेले होते!"

गेल्या महिन्यात धुळ्यातल्या एका सत्कार समारंभात एका तरुण वक्त्याने हे वाक्य उच्चारले आणि सभागृह पोट धरून हसले. सत्कार होता वाइनच्या धंद्यात नाव कमावलेल्या एका उद्योजकाचा. ओघात खानदेशातल्या पहिल्या वाइनचा विषय निघाला आणि वक्त्याने यशवंत आबांना दोन मिनिटांत निकालात काढले. बंदीच्या काळात औषधाच्या नावाखाली दारू गाळणारा हिकमती माणूस, आयुष्यात एकदाच संधी आली तेव्हा स्वतःचाच माल ढोसून पडला आणि खानदेशचा कारखाना घालवून बसला! मी उठून उभा राहिलो. संयोजक धावत आला. "काका, बसा ना, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी चहा झाला, प्रश्न झाले नाहीत. म्हणून हे लिहिणे आले.

मी कोण, असे कोणी विचारील. मी दारूबंदी खात्यात सब-इन्स्पेक्टर होतो आणि साठ-सत्तरच्या दशकांत धुळे-जळगाव भागातली आसवे-अरिष्टे तयार करणारी ठिकाणे मद्यार्क मोजायचे यंत्र घेऊन तपासणे हे माझे काम होते. वक्त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. हा त्याचा दोष नव्हे. पण जन्मापूर्वीच्या गोष्टी सांगताना माणसाने आवाज थोडा खाली ठेवावा.

पांझरेच्या काठाला एका वृद्ध वैद्यांची रसशाळा होती. तिथे मी प्रथम गेलो तेव्हा कोठीत एक उंच, वाळलेला माणूस लाकडी पिंपाला कान लावून उभा होता. मी खाकरलो. त्याने वळून न पाहता हात वर केला.

"थांब भाऊ. ते बोली राह्यनं."

"कोण?"

"पिंप. आते आवाज बारीक व्हयना. ते गप बसनं का मंग लाव तुन्हं यंत्र."

सरकारी अधिकाऱ्याला असे उभे करून ठेवणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी रागावलो होतो. पण उभा राहिलो. काही वेळाने त्याने, म्हणजे आबांनी, मलाही कान लावायला सांगितला. आत फार दूर कुठेतरी पाऊस पडत असावा, तसा आवाज येत होता. मनुका, गूळ आणि सातपुड्यातून आलेली धायटीची फुले आत आंबत होती. द्राक्षासव तयार होत होते. कायद्याच्या भाषेत ते औषध होते. आबांच्या भाषेत ती तडजोड होती.

कारण आबा वाइन करायला शिकलेले होते. साक्री तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून ते फौजेत गेले, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात कैद झाले आणि इटलीत नेले गेले. तिथली छावणी मोडली तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकरणीने त्यांना द्राक्षमळ्याच्या तळघरात लपवले. तिला ते अक्का म्हणत. अक्काने त्यांना घड केव्हा तोडायचा, रस केव्हा झाकायचा आणि मुख्य म्हणजे केव्हा हात लावायचा नाही, हे शिकवले. युद्ध संपले, आबा परत आले आणि लवकरच आपल्या राज्यात दारूबंदी आली. ज्या मुलखात वाइन करणे हा गुन्हा, त्या मुलखात हा माणूस वाइनची विद्या घेऊन उतरला होता. आजच्या पोरांना परवाने, भांडवल, बाजारपेठ या अडचणी वाटतात. आबांची अडचण एका वाक्यात मावत होती: त्यांच्या धंद्याला नाव नव्हते.

"तठे ती जेवनना पाटवर बसस," ते वाइनविषयी म्हणत, "आपलं ताक बसस तशी. कोनी तिले लपाडत नही."

'हिकमती' हा शब्द इथेच खोडून टाकतो. औषधाच्या नावाखाली आबांनी कधीही दुसरे काही केले नाही. माझे यंत्र त्यांच्या पिंपात कितीदा तरी बुडाले आणि कायद्याने आखलेल्या रेषेच्या वर एकदाही थांबले नाही. वृद्ध वैद्य गेल्यावर गादीवर आलेल्या त्यांच्या चिरंजिवांना मात्र हा काटेकोरपणा नकोसा होता. गिऱ्हाईक औषधासाठी येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. माझ्यासमोरच एकदा ते म्हणाले, "आबा, घशाला लागलं पाहिजे. लोक बाटली परत आणतात. म्हणतात, हे तर सरबत आहे."

"घसाले ते मिरचीबी लागस," आबा म्हणाले. "मंग मिरची इका ना!"

बाटल्या धुणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. धाकटे वैद्य हसले नाहीत.

आबांचे चाहतेही काही कमी खोटे बोलत नाहीत. ते म्हणतात, आबांनी कधी थेंब घेतला नाही. घेतला होता. इटलीत अक्काच्या घरी ते रोज भाकरीसारख्या पावाबरोबर पेलाभर वाइन घेत आणि हे ते लपवीत नसत. रसशाळेत मात्र घोट जिभेवर घोळवून राखेच्या डब्यात थुंकत. "गियी टाकं का चाखनारा मरस, पेनारा उरस," हे त्यांचे वाक्य. गिळले की चव पारखणारा संपला. पण हा पुरावा मी पुढे करणार नाही. वर्षानुवर्षे थुंकणारा माणूस एखाद्या दिवशी गिळू शकतो. खात्यात असताना मी असले युक्तिवाद पुष्कळ ऐकले आणि फेटाळले आहेत.

रसशाळेच्या मागच्या खोलीत आबा एकटे राहत. पत्नी गोदावरीबाई चोपड्याला माहेरी होत्या. वडील माळकरी, आंबलेल्या रसाच्या वासाच्या घरात लेक नांदवायची नाही, हा त्यांचा निश्चय. आबा वर्षातून एकदा चोपड्याला जात. सासरे ओट्यावर बसवत आणि ओंजळीत वरून पाणी ओतत. एका खेपेला गोदावरीबाईंनी दाराआडून सांगितले ते आबांनी मला जसेच्या तसे ऐकवले होते: "हयदीकुकूले गऊ का बाया इचारतस, नवरा काय करस? माले सांगता येई असं काम दखा. मी त्याच दिवस ईसू."

त्यात राग नव्हता, असे आबा म्हणत. अट होती.

एका आखाजीला मी सहज त्यांच्या खोलीवर गेलो. खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. झाडोझाडी झोके, गाणी, साऱ्या सासुरवाशिणी माहेरी. आबांनी अंगण सारवले होते, धुतलेला सदरा घातला होता आणि चक्क दारात बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होते. एरवी हा माणूस दार ओढून घेणारा. मी विचारले, "आज स्वारी खुशीत?"

"आते बठ्ठास्न्या बायका माहेरी शेतस," ते म्हणाले. "आज मी एकटा नही शे."

त्यांनी मला पुरणाचा मांडा वाढला. गल्लीतून त्यांच्याकडे कोणीच फराळाला येत नसे आणि बोलावीतही नसे. बाजेवर माझ्यासाठी जागा करून देताना त्यांनी उशी झटकली, पुन्हा झटकली. पाहुणा आला की काय करायचे असते, हे त्यांचे हात विसरले होते.

पुढे सरकारचे धोरण सैल झाले. पिण्याचे परवाने सोपे झाले; आबांकडेही एक होता. मुंबईच्या एका कंपनीला या भागात वाइनचा कारखाना काढायचा होता आणि करणारा माणूस हवा होता. कुणीतरी आबांचे नाव सांगितले. एक पिंप नमुन्याचे करा, आम्ही येऊन चाखू, पसंत पडले तर कारखाना धुळ्यात आणि मुख्य तुम्ही, असा निरोप आला. त्या एका पिंपाची विशेष परवानगी मिळवण्यासाठी मीच धावपळ केली. साक्रीजवळ भावाच्या वाट्यात आबांनी विहिरीलगत द्राक्षाचे वेल जपले होते. त्यांचा सगळा माल रसशाळेच्या कोठीतल्या त्या पिंपात गेला. ना गूळ, ना धायटी. हंगामभर ते त्या पिंपाजवळून हलले नाहीत आणि चोपड्याला निरोप गेला की सांगता येईल असे काम मिळत आहे. उलट निरोप आला: "नक्की झायं का कळवा."

ते पिंप म्हणजे नुसती वाइन नव्हती, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

पाहुणे दुपारी यायचे होते. नमुना माझ्यासमोर काढायचा, म्हणून मी सकाळीच पोचलो. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. गटारातून लाल पाणी वाहत होते. पोरे त्यात काड्या सोडत होती, बाया नाकाला पदर लावून उभ्या होत्या. रसशाळेच्या पायरीवर आबा बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत चिंब, डोळे तांबारलेले. धाकटे वैद्य किंचाळत होते, "साहेब, बघा! पिऊन पिंप सोडून दिलं यानं! माझं वाटोळं केलं!"

मी आबांजवळ वाकलो. तोंडाला वास होता. तो मी नाकारत नाही.

"आबा, काय झाले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मग माझ्या टोपीकडे. "आज तू सरकार शे भाऊ," एवढेच म्हणाले.

पाहुण्यांची मोटार थोडी लवकरच आली. दोघे उतरले, गटार पाहिले, पायरी पाहिली. एकाने रुमाल नाकाला लावून विचारले, "हाच का तुमचा मास्टर?" आबा उठायला गेले आणि त्यांचा तोल गेला. गर्दी खदखदली. "आबा, पाहुण्यांना थोडी ठेवायची होती!" कोणीतरी ओरडले. मोटार वळली. सभागृहात त्या दिवशी जे हसले, ते याच हसण्याचे वारस.

कारखाना दुसरीकडे गेला. गोदावरीबाई आल्या नाहीत. त्यांना काय कळवले गेले, कोणी कळवले, मला माहीत नाही. आबा साक्रीकडे गेले आणि कुणाच्या तरी पेरूच्या बागेची राखण करू लागले. बऱ्याच काळाने तिथल्या बाजारात ते मला पेरूच्या टोपलीमागे बसलेले दिसले. माझी बदली झाली होती. टोपी डोक्यावर नव्हती. तेव्हा त्यांनी सांगितले.

आदल्या संध्याकाळी आबा आंघोळीला नदीवर गेले असताना धाकट्या वैद्यांनी टिंक्चरसाठी आणलेले स्पिरिट त्या पिंपात ओतले होते. वाईट हेतूने नव्हे. पाहुणे मुंबईचे, त्यांच्या घशाला लागले पाहिजे, एवढीच त्यांची समजूत. आयुष्यभर त्यांनी चांगल्या आसवाची तीच कसोटी ऐकली होती. पहाटे आबांनी पहिला घोट जिभेवर घेतला आणि त्यांना कळले.

"मग मला तिथेच का सांगितले नाहीत?"

"मी इस्पिरिट म्हनतू, ते तू कुलूप लावता. बाटल्या धोनाऱ्या बाया मंग कोठे जात्या?"

"पण पाहुण्यांना चाखायला द्यायची होतीत. त्यांना काही कळले नसते. काम मिळाले असते. वहिनी आल्या असत्या."

आबांनी एक पेरू उचलला, पुसला आणि परत ठेवला. "त्यास्ले कयतं नही, म्हनीसनच ओती दिनं," ते म्हणाले.

त्यानंतर आमची भेट नाही. ते बागेतल्या झोपडीतच वारले; बागवानाने अग्नी दिला, असे मला पुष्कळ उशिरा समजले. रसशाळा केव्हाच बंद झाली, त्या बायका म्हाताऱ्या झाल्या किंवा गेल्या. आता हे बोलल्याने कुणाच्या दाराला कुलूप लागत नाही.

वक्ता म्हणेल, हे तर आबांनी स्वतःच स्वतःविषयी सांगितलेले. मान्य. आरोपीचे म्हणणे मीही कधी पुरावा धरले नाही. तोंडाला वास होता, तोही मान्य, चाखले होते. तोल गेला, तोही मान्य. साठीच्या घरातला माणूस, पहाटेपासून विहिरीचे पाणी ओढत होता. पण तो पाणी का ओढत होता, हे त्या गर्दीतल्या एकानेही विचारले नाही. सगळे पायरीशी थांबले आणि हसले. कोठीत एकटा मी गेलो.

दारू ढोसून पडणाऱ्याचे पिंप कसे असते, ते मी नोकरीत शेकड्यांनी पाहिले आहे. बूच लोळत असते, तळाशी गाळ साचलेला असतो, माशा घोंगावत असतात. लाकडी पिंप तसेच राहिले तर आंबूस होते आणि पुन्हा वाइनच्या कामाचे उरत नाही. मी हे पिंप कलते करून आत डोके घातले. आत ओला चुना आणि स्वच्छ लाकूड, याखेरीज कसलाही वास नव्हता. पिंप घासून, चुन्याच्या निवळीने धुऊन, पुढच्या द्राक्षांसाठी पालथे घातलेले होते.