उतरायचा नियम

मी लढाया आखायचो असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग माझ्या मनगटाकडं. बघू देत. शाळेत भूगोल शिकवणारा पाप्याचं पितर दिसणारा माणूस कसली लढाई आखणार, असं त्यांना वाटतं. पण सत्तर सालाच्या पुढची चांगली दोन वर्षं माझे सगळे रविवार त्यात गेले, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. लाज वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीची, आणि तीच सांगायला बसलोय.

सुरुवात झाली रद्दीच्या दुकानात. शाळेच्या वाचनालयासाठी जुने नकाशे मिळतात का बघायला गेलो होतो, तर हाताला एक कव्हर फाटलेलं इंग्रजी मासिक लागलं. त्यात एक लेख होता. परदेशात म्हणे चांगले मिशावाले बाप्ये टेबलावर डोंगर-नदी मांडून शिशाचे शिपाई लढवतात. आणि नुसती एक लढाई नव्हे, अख्खी मोहीम! नकाशा, कूच, पाऊसपाणी, फासा टाकून निकाल, वर न्याय करायला एक पंच. दुकानात उभ्या उभ्या मी तो लेख दोनदा वाचला. आयला, हे तर आपलंच काम, असं वाटलं. उंचीच्या रेषा, उतार, खिंडी यांच्यावर मी वर्गात घसा फोडायचो आणि पोरं जांभया द्यायची. इथं त्याच रेषांवर माणसं जिंकत-हरत होती.

पहिला नकाशा अर्थातच पन्हाळा आणि जोतिबाच्या डोंगरांचा काढला. तिथंच घोडं पेंड खायला लागलं. शिवाजी पेठेत राहून समोरच्या बाजूनं लढायला कोण तयार होणार? शाळेतल्या गणिताच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "सर, मी खेळतो, पण शत्रू होणार नाही. तालमीत कळलं तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही." शेवटी नकाशा फाडला आणि कुठल्याच गावाचा नसलेला मुलूख काढला. एक नदी, एक खिंड, खिंडीच्या वर एक गड. एक फौज तांबडी, एक निळी. मग सर निळे व्हायला तयार झाले.

शाळेतून टाकून दिलेला मोठा फळा मी आमच्या पुढच्या सोप्यात दोन बाकांवर आडवा टाकला. त्यावर कागदाच्या लगद्याचे डोंगर उभे केले. बायको म्हणाली, "अहो, पावणं आलं तर बसवायचं कुठं? त्या डोंगरावर?" मी म्हटलं, नदीकाठी बसव. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर नदीला निळ्या साडीच्या काठाची पट्टी लावलेली. बरं वाटलं.

शिपाई कुंभारवाड्यातून आणले. दिवाळी झाली की पोरांच्या किल्ल्यांसाठी केलेले मातीचे मावळे उरतात, कुणाचं नाक उडालेलं, कुणाला रंगच नाही. टोपलीभर घेऊन आलो, निम्म्यांना तांबडी पागोटी रंगवली, निम्म्यांना निळी. एक बाहुली म्हणजे वीस माणसं. नियमांनी एक लांबलचक वही भरली. चढाला किती चाल, उताराला किती, चिखलात किती, घोडा नदी कशी ओलांडणार, वेढा कसा घालायचा. वहीवर मी इतका खूश होतो की विचारू नका.

तांबड्यांना सेनापती तेवढा मिळत नव्हता. तो दुधाच्या रतीबानं आला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक हवालदार राहायचे. पलटणीतून पेन्शनीत आलेले, दोन म्हशी पाळलेल्या. रोज सकाळी दारात येऊन दूध घालायचे. पलटणीत ते खेचरांच्या तुकडीत होते, डोंगरावरच्या चौक्यांना शिधा पोचवायचं काम. आम्ही कुणी लढाईचा विषय काढला की ते म्हशीचा विषय काढायचे. एके दिवशी माप ओतता ओतता त्यांची नजर फळ्यावर गेली.

"मास्तर, ही तांबडी मानसं वर काय करत्यात?"

"गड राखतायत."

"किती दिस?"

"मोहीम संपेपर्यंत."

"आनि खात्यात काय?"

मी वही उघडली. वेढा होता, पूर होता, हत्तीसुद्धा होता. भाकरी कुठंच नव्हती.

"मास्तर," हवालदार म्हणाले, "तुमची समदी फौज उपाशी मेली की हो!" आणि किटली उचलून चालू लागले. मी मात्र दिवसभर वर्गात खुळ्यागत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना आत बोलावलं. आठवड्याभरात शिध्याचे नियम त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. गडावर तीन दिवसांचं अन्न. चौथ्या दिवसापासून रोज दोन बाहुल्या उचलायच्या. कुंभाराकडं खेचरं मिळेनात, घोडे आणि बैल तेवढे होते. हवालदारांना बैल चालेनात. त्यांनी स्वतः शाडूची चौदा खेचरं केली, लांब कानांची. एकाचा कान मुद्दाम तुटका ठेवला. गडावर मी दहा बाहुल्या मांडल्या होत्या. ते म्हणाले, "अकरा करा. आनि वीस-बीस न्हाय, गडावर एक म्हंजे एकच मानूस." का, ते सांगितलं नाही. मी अकरा केल्या, आणि येता-जाता धक्का लागून पडू नयेत म्हणून सरसानं गडाला चिकटवून टाकल्या. मी तसा टापटिपीचा माणूस.

ओझं घेऊन चढायला खरोखर किती वेळ लागतो ते बघायला आम्ही दोघं एका रविवारी जोतिबाचा डोंगर चढलो. हवालदारांनी माझ्या पाठीवर अर्धं पोतं गहू दिला. घड्याळ लावून मी शंभर पावलं चालायचो आणि फतकल मारून बसायचो. ते आपले मोकळ्या हातांनी वर उभे राहून म्हणायचे, "खेचर हाईसा तुमी, बसू नगा." निम्म्या वाटेवर मी आडवाच झालो. पायऱ्यांवर गुलाल सांडला होता, माझा सदरा पाठीमागून गुलाबी झाला. तेव्हा ते शेजारी बसले आणि न विचारता बोलायला लागले.

"चीनच्या लढाईत वर एक चौकी हुती. अकरा मानसं. खाली मी, चौदा खेचरं, आनि वाटंत बर्फ. तीन दिस रोज सकाळी निघायचो आनि दुपारी माघारी. एक खेचर तर दरीत गेलं. त्या अकरातला एक रोज माझ्या ताटात जेवायचा."

"मग?"

"मग काय? उतरा म्हनून त्यास्नी कुनी सांगितलंच न्हाय. हुकमाबिगर उतरायचं न्हाय. ऱ्हायली तितंच." त्यांनी माझ्या पाठीवरचं पोतं काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "मास्तर, तुमच्या खेळात मला एकदा वर पोचायचंय. हसू नगा."

हसतोय कुठला. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणून मी बुटाची नाडी सोडून परत बांधत बसलो.

घरी आलो आणि मोहीम पहिल्यापासून आखायला घेतली. ज्याची लाज वाटते म्हटलं, ते हेच. मी पंच होतो, आणि पंचानं लबाडी केली. खिंड रुंद केली. निळ्यांच्या चौक्या नदीपलीकडं नेल्या. हवेचा फासा होता, त्यात एक, दोन किंवा तीन पडले तर वाट बंद असा नियम होता. तो खोडून, फक्त एक पडला तरच बंद, असं केलं. गणिताचे सर वही चाळताना तिथं थांबले. त्यांच्या नजरेतून आकडा कधी सुटला नाही. म्हणाले, "सर, ही मोहीम नव्हे, ही वरात आहे." मग मी त्यांना जोतिबाच्या पायरीवरचं सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटून माझ्याकडं सरकवली. म्हणाले, "एकवरच ठेवा."

एका रविवारी मोहिमेतला एक दिवस, असं ठरलं होतं. पहिल्या रविवारी हवालदार इस्त्रीचा सदरा घालून आले. चौदा खेचरं खिंडीच्या तोंडाशी लावली. फासा टाकला. एक. वाट बंद.

"हुतंय असं," ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी परत एक. सर माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. त्या आठवड्यात हवालदार दूध घालताना एक अक्षर बोलले नाहीत. बायको म्हणाली, "अहो, त्यांना काहीतरी झालंय. म्हशीचंसुद्धा बोलत नाहीत." मी रोज मनातल्या मनात फासा टाकत होतो. माझ्यासारखा देव न मानणारा माणूस शनिवारी अंबाबाईच्या देवळाला बाहेरून हात जोडून आला, यावरून काय ते समजा.

तिसऱ्या रविवारी फासा फळ्यावरून गडगडत गेला, नदीच्या काठाला अडला आणि थांबला. एक.

मी झटकन फासा उचलला. "हा धरायचा नाही! डोंगराला धक्का लागला. परत टाका."

"धक्का लागला न्हाय," हवालदार म्हणाले. "मी बघितलंय."

"पंच मी आहे. परत टाका म्हणतो ना!"

"मास्तर!" त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आतून बायको दारात येऊन उभी राहिली. "मी तुमच्याकडं भीक मागितली न्हाय. पडला त्यो पडला."

मी फासा खाली ठेवला. गडावरचं अन्न संपलं होतं. आता त्यांच्याच नियमानं पुढच्या रविवारपासून दोन दोन बाहुल्या उचलायच्या होत्या, आणि त्या उचलणार होतो मी. हवालदार फळ्यावर दोन्ही हात टेकून गडाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "उतरायचा नियम कुटं हाय?"

"कसला?"

"गड सोडून खाली यायचा."

मी वही उलटीपालटी केली. खरं तर बघायची गरजच नव्हती, एकेक ओळ मला पाठ होती. गड घ्यायचे सात प्रकार लिहिले होते. राखायचे पाच. सोडून यायचा एकही नव्हता. मला तो सुचलाच नव्हता. लहानपणापासून आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे उभे करत आलो, ओल्या मातीत पाय रोवून. दिवाळी संपली की मावळा खोक्यात जातो. चालत खाली उतरून घरी गेलेला मावळा मी कधी बघितलाच नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "नियम नाही."

"मग लिवा."

सरांना राहवलं नाही. "हवालदार, गड सोडला तर मोहीम गेली. मी जिंकलो. आणि खिंड बंद असताना उतरणार कसे?"

"वझं घिऊन खेचर चडत न्हाय. मोकळा मानूस उतरतोय. बसून उतरतोय, घसरून उतरतोय, कसाबी उतरतोय." ते माझ्याकडं वळले. "लिवा की मास्तर. हुकूम लागतोय."

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. 'खालून हुकूम आल्यास गडावरील माणसांनी गड सोडून उतरावे.' एवढंच. मोठ्यानं वाचून दाखवलं.

हवालदारांनी पहिल्या बाहुलीला हात घातला. ती हलेना. माझ्या टापटिपीचा सरस! बायकोनं स्वयंपाकघरातली पातळ सुरी आणून दिली. ते एकेका बाहुलीच्या पायाखाली सुरी सरकवायचे, सुटली की दोन बोटांत धरून कड्यावरून खाली आणायचे, उंचीच्या एकेका रेषेवर जरा टेकवत. घाई केली नाही. आम्ही कुणीच केली नाही. सातवी सुटताना तिचा एक पाय घोट्यापासून तुटून गडावरच राहिला. मी म्हटलं, "अरेरे, थांबा, मी चिकटवतो."

"ऱ्हाऊ दे पाय," ते म्हणाले. "मानूस आला."

शेवटची बाहुली त्यांनी तुटक्या कानाच्या खेचराशेजारी उभी केली. वर गड रिकामा, त्यावर सरसाचे डाग आणि एक पाऊल. सरांची निळी फौज नदीपलीकडं तशीच उभी होती. जिंकले होते, पण तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं.

हवालदार खुर्चीत बसले. सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"गणिताचं मास्तर," ते म्हणाले, "मोजा."

सरांनी बोट लावून मोजली. "अकरा."

"तुमी मोजा."

मी मोजली. "अकरा, हवालदार."

त्यांनी मान हलवली. मग दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडं बघून म्हणाले, "वैनी, तुमीबी एकदा मोजा."