संगणकातलं वर्म

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी माझ्या धाकट्या भावाचा औरंगाबादहून फोन आला. "दादा, तू प्रत्येक पत्र दोनदा का पाठवतोस? आणि दुसऱ्यात ते फटाके कसले?"

मी म्हटलं, फटाके मी दिवाळीतसुद्धा आणत नाही. तो हसला. माझ्या ईमेलची सुरुवात 'जय भीम'नं व्हायची आणि शेवट आईच्या गुडघेदुखीवर. तर म्हणे ते पत्र पोचलं, की पाठोपाठ माझ्याच नावानं दुसरं यायचं. त्यात अक्षर नाही, नुसती एक फाइल. ती उघडली की काळ्या चौकटीत रंगीबेरंगी फटाके उडायचे आणि वर नव्या वर्षाच्या शुभेच्छा. त्यानं ऑफिसात चौघांना कौतुकानं दाखवले होते.

ते फटाके मीही पाहिले होते. जानेवारीत एका वर्गमित्राच्या पत्रामागून आले होते आणि मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवले होते. दोघांनी मिळून तीनदा उडवले.

आम्ही तेव्हा भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. मी प्रयोगशाळेत केमिस्ट. दिवसभर उसाच्या रसातली साखर तपासायची, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला तपासता येतं असा माझा ठाम समज. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात आम्ही दोघंच आणि वर्षभरापूर्वी आणलेला संगणक, त्याला मी कोणाला हात लावू द्यायचो नाही. फक्त बायकोला द्यायचो, कारण माझ्यापेक्षा तिचं टायपिंग चांगलं होतं आणि ते मला कबूल करायचं नव्हतं.

त्या दिवशी ती इंदापूरला गेली होती, तिच्या शाळेतल्या बाईंच्या नातीच्या बारशाला. मी बारामतीला फोन लावला. ज्यांच्या क्लासमध्ये मी संगणक शिकलो होतो, ते सर घरीच होते. त्यांना फटाक्यांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या घरात वर्म हाय."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ह्यांना कोणी सांगितलं?

कारण आमच्या घरात वर्म होतं. सात वर्षांपूर्वी बारामतीतल्या डॉक्टरांनी दोघांच्या तपासण्या करून सांगितलं होतं, की बाईंमध्ये काही दोष नाही. म्हणजे दोष कोणात, हे कळायला केमिस्ट असायची गरज नव्हती. येताना एसटीत बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणाला सांगायचं न्हाय." मी सांगितलं नाहीच. कॉलनीनं आपल्या सोयीनं समजून घेतलं. बारशाला तिला बोलावणं यायचं, पण पाळण्याची दोरी हातात घ्यायची वेळ आली की कोणीतरी तिला चहा बघायला आत पाठवायचं. हे मला माहीत होतं. सात वर्षं माहीत होतं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

"हॅलो? ऐकू येतंय न्हवं?" सर म्हणाले. "अवो, वर्म म्हंजी संगणकातला किडा. विंग्रजीत वर्म म्हणत्यात. तारेवरून पसरतो."

मी इतक्या मोठ्यानं हसलो, की त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला असणार. जीव भांड्यात पडला. मग त्यांनी सांगितलं, मी वहीत उतरून घेतलं. हा किडा संगणकात दोन फाइली टाकतो. शिवाय इंटरनेटवर ये-जा करणाऱ्या एका मूळ फाइलीची प्रत दुसऱ्या नावानं बाजूला ठेवतो आणि मूळ फाइलीत स्वतः शिरतो. घुसलेल्या दोन पुसायच्या, बाजूला ठेवलेली चांगली प्रत पुन्हा जागेवर आणायची. पण विंडोज चालू असताना ती जागा मोकळी होत नाही, म्हणून आधी डॉसच्या काळ्या पडद्यावर जायचं.

"आन् एक," सर म्हणाले. "किडा यादी ठेवतो. ज्याला ज्याला गेला, त्याचा पत्ता. पुसायच्या आधी ती वाचून घ्या. त्या सगळ्यांना पत्र घाला, की फटाके उघडू नका. तेवढं करावंच लागतंय."

ह्या गोष्टीचं मला मनापासून कौतुक वाटलं. चोर घरफोडी करतो आणि कुठं कुठं केली त्याची चिठ्ठी ठेवून जातो. मी यादी उघडली. भाऊ. दोन वर्गमित्र. पुण्याचा मेहुणा. आणि शेवटी एक पत्ता, ज्यात 'चाइल्ड' असा शब्द होता.

मी पुन्हा फोन लावला. "सर, हा किडा अनोळखी लोकांनाबी जातो का?"

"न्हाय. तो पत्ते हुडकत न्हाय. तुमी ज्याला लिवता त्यालाच, तुमच्या मागं मागं जातो."

मी लिहिलं नव्हतं. घरात माणसं दोन.

पाठवलेली पत्रं एका कप्प्यात साठतात, हे मला माहीत होतं. तो कप्पा मी कधी उघडला नव्हता, कारण स्वतःचीच पत्रं परत कोण वाचतो? उघडला. त्या पत्त्यावर तीन पत्रं गेली होती. पुण्यातली मूल दत्तक देणारी संस्था. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, एकही चूक नाही, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं.

दोन वर्षांपूर्वी तिनं एकदाच दत्तकाचा विषय काढला होता. मी म्हटलं होतं, "दुसऱ्याचं पोर माझं म्हणून मिरवायला मी काय नाटकात काम करतो?" तिनं ताट उचललं आणि विषय संपला, असं मला वाटलं. विषय संपला नव्हता, तो माझ्याच टेबलावर, माझ्याच खुर्चीत बसून लिहिला जात होता. आधी मला रागच आला. मग मी तिसरं पत्र वाचलं.

संस्थेची उत्तरं ती वाचून पुसत असावी; त्यांनी विचारलं असावं, की वैद्यकीय कारण काय. तिनं लिहिलं होतं, "दोष माझ्यात आहे. पती अजून तयार नाहीत, पण होतील. माणूस चांगला आहे."

मला धक्का बसला म्हणणं फार कमी आहे. मी खरंच उठून दाराला कडी आहे का बघून आलो, जणू कोणी आत येऊन ते वाचणार होतं. जिथं आम्हाला कोणी ओळखत नाही, जिथं खरं सांगितलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं, तिथंसुद्धा तिनं माझ्यावर पांघरूण घातलं होतं. आणि वर मी चांगला!

शेजारचे स्टोअरकीपर तात्या पेपर मागायला आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, संगणकाला कीड लागली. "मग फवारा की," म्हणाले आणि पेपर घेऊन गेले.

किडा काढायचा होताच. संगणक डॉसमध्ये चालू केला. काळ्या पडद्यावर अक्षर न् अक्षर स्वतः टाइप करायचं, चुकलं की तो तुसडेपणानं नकार द्यायचा. जे हात रोज ॲसिडच्या बाटल्या ओततात, ते 'डेल', म्हणजे 'पुसून टाक', ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिताना दोनदा चुकले. पहिली फाइल गेली. दुसरी गेली. मग बाजूला ठेवलेली चांगली प्रत जागेवर आणली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि जुन्याच आवाजात विंडोज उठलं. एरवी मी कॉलनीभर सांगत फिरलो असतो. त्या दिवशी मी नुसता बसून राहिलो.

मग पत्रं लिहायला घेतली. आधी सगळी लिहून ठेवायची आणि मग एकदाच फोन जोडून पाठवायची, अशी आमची पद्धत. चौघांना एकच मजकूर: माझ्या नावानं आलेले फटाके उघडू नका, तो किडा आहे, क्षमस्व. पाचव्या पत्त्याला तोच मजकूर लिहिला आणि बोटं थांबली. ह्या पत्त्यावरचं माझं हे पहिलंच पत्र होतं, आणि ते आमच्या घरात किडा असल्याचं. मग खाली लिहिलं, "माझ्या पत्नीनं पूर्वी लिहिलेल्या पत्रात एक चूक आहे. दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे. रिपोर्ट पाठवतो."

चारच्या एसटीनं ती आली. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. मला पडद्यासमोर दगडासारखा बसलेला पाहून तिनं मागून वाचलं. पुडी टेबलावर ठेवली. तिच्या चेहऱ्याचा रंग गेलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"तुम्ही माझी पत्रं वाचलीत."

"व्हय."

"सगळी?"

"व्हय."

मला वाटलं ती रडेल, किंवा माफी मागेल, आणि मग मी मोठ्या मनानं माफ करीन. ती भडकली. "सात वर्षं मी झाकलं, आन् तुमी किड्याच्या पत्रात लिहून मोकळं झालात? मला इचारलं का?"

"तू मला विचारलंस?"

"इचारलं हुतं. ताट उचलून घेतलं मी त्या दिवशी."

मी म्हटलं, "पुसू का ते वाक्य?" आणि खरं सांगतो, ती 'पूस' म्हणाली असती तर मी पुसलं असतं. तेवढाच भित्रा होतो मी.

तिनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "उठा."

मी उठलो. ती माझ्या खुर्चीत बसली आणि माझ्या नावाखाली तिनं तिचं नाव टाइप केलं. मग मला म्हणाली, "लावा फोन."