आबांच्या कानातले माग थांबले ती दुपार

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटते. मी विज्ञान शिकवत होते. वर्गातल्या कुणा मुलीच्या अंगात आलं की तिच्या आईवडिलांना बोलावून आधी डॉक्टरकडे पाठवणारी बाई म्हणून मी ओळखली जायचे, आणि त्यावरून गावकऱ्यांशी दोन-तीनदा वाजलंही आहे. तेव्हा असलं काही मी स्वतः लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं. पण आता सत्तरी ओलांडली. ज्या दोन माणसांना ही गोष्ट माहीत होती, ती दोघंही राहिली नाहीत. म्हटलं, लिहून ठेवावं... बाकी ज्याचं त्याने ठरवावं.

आमचं घर कबनूरचं. इचलकरंजीला लागून आहे, त्यामुळे गावभर यंत्रमाग. आबा – माझे वडील – एका मालकाकडे माग चालवायचे. मालकाच्या शेडला लागूनच आमच्या दोन खोल्या होत्या, मधे एक भिंत. पाळी संपली तरी माग थांबत नसत, दुसरा माणूस उभा राही. आमच्या शेडला सुट्टी असली की शेजारची चालू. ज्यांनी मागाचा आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. फळीवरचं ताट हळूहळू सरकत कडेला यायचं, इतकंच सांगते.

त्या आवाजात आई-आबांचा संसार झाला तो खुणांवर. दोन तळवे एकमेकांवर थापले की भाकरी तयार आहे. अंगठा तोंडाशी नेला की पाणी. गालाला हात लावला की पोरीला झोपव. आई फार बोलतच नसे, कारण बोलून उपयोग नव्हता. मी नऊ वर्षांची असताना ती काविळीने गेली. तिचा चेहरा मला आठवतो, हात तर नखांसकट आठवतात. आवाज आठवत नाही. पुष्कळदा डोळे मिटून प्रयत्न केला. ओठ हलताना दिसतात, आणि मागून खट्याक-खट्याक चालू.

शिकून मला शाळा मिळाली ती पन्हाळ्याकडची. गडावर एक खोली घेतली होती आणि तिथून खाली एका वाडीतल्या शाळेत जायचे. हे साधारण एकोणीसशे शहात्तर सालचं असेल. पन्हाळ्यावर तेव्हाही सहलीच्या गाड्या यायच्या, कर्णे वाजायचे. पण रविवारी मी भाकरी बांधून मसाईच्या पठारावर जायचे. नुसतं मैलोन्‌मैल सपाट पठार. तिथे बसायचं आणि ऐकायचं. काय ऐकायचं म्हणाल तर काहीच नाही. आधी वारा ऐकू येतो, मग गवत, मग एखादा किडा. तासाभराने तेही मागे पडतं, आणि उरतं ते ऐकत राहावंसं वाटतं. कबनूरची पोर मी, मला त्याचं वेडच लागलं होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना चार दिवस गडावर आणलं. वय पन्नाशीच्या आत, पण कान पार गेले होते. पाठीमागून ताट आपटलं तरी वळून बघत नसत. कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले होते, कानाची शीर गेलीय, ऐकणं आता परत येणार नाही. आबा समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचे. आणि स्वतः बोलायचे ते नेहमी मोठ्याने, कारण त्यांना त्यांचाच आवाज ऐकू यायचा नाही.

पहिल्या सकाळी चहा पिताना म्हणाले, "एवढं गपगार गाव हाय म्हणतीस. पर माझ्या कानात मागच चालू हाईत."

"अजून?"

"चार माग. शेडमधनं भाईर आलो तरी चालू, झोपलो तरी चालू. कवाच थांबत न्हाईत."

मला हे माहीत नव्हतं. बहिऱ्या माणसाला निदान शांतता तरी असेल अशी माझी समजूत होती. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पठारावर गेले. ऊन होतं पण कडक नाही. गवत पिवळं पडलेलं. एका सपाट खडकावर बसलो.

"हितं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय. गप बसायचं."

"त्यासाठनं एवढं चालीवलंस व्हय मला?" असं म्हणाले, पण बसले. काठी बाजूला ठेवली, मांडी घातली. अर्धा-पाऊण तास गेला असेल. वारा पडला. गवताचं पातंही हलत नव्हतं. मला माझ्याच नाडीचे ठोके ऐकू यायला लागले होते, इतकं शांत. आणि आबांनी एकदम दोन्ही हात कानांवर नेले.

मी घाबरून समोर गेले. "दुखतंय का?"

"बंद पडलं."

"काय बंद पडलं?"

"माग. चारी बंद पडलं." ते हे अगदी हळू आवाजात बोलले. आबांना इतक्या हळू बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मग त्यांनी मान कलती केली, आणि मला हाताने गप्प राहायची खूण केली. "कुणाची तरी पोरगी हाक मारतीया."

मी चौफेर पाहिलं. त्या पठारावर कुत्रं आलं तरी लांबून दिसतं. कुणी नव्हतं. मला काहीही ऐकू येत नव्हतं. कान देऊन ऐकत होते मी, माझे कान तिथल्या शांततेला चांगले सरावलेले होते – काही नाही.

"काय म्हणतीया?" मी समोर जाऊन विचारलं.

ट्रंक कॉलवर पलीकडचं ऐकून आपण शेजारच्याला सांगतो ना, तसं तुकड्या-तुकड्याने ते सांगायला लागले. "टिटवे... ए टिटवे म्हणतीया. भाकरी आणलीया... ऐकू आलं आसंल तर हात वर कर."

शिकवलेलं विज्ञान अंगात मुरलेलं असतं. मी त्यांच्या पाठीमागे गेले आणि कानाजवळ मोठ्याने "आबा" म्हणाले. दोनदा म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही. म्हणजे माझा आवाज नाही, पण तो आवाज ऐकू येतोय...

आणि आबा उठून उभे राहिले. कुठल्यातरी एका दिशेकडे तोंड करून त्यांनी उजवा हात सरळ वर केला. शाळेत मुलं करतात तसा. थोडा वेळ तसेच उभे होते.

"मग?" मी पुढे येऊन विचारलं.

"हासली. आन्‌ गेली."

खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "एक चालू झाला." मग, "दुसरा." चारही चालू झाले तेव्हा त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि आम्ही जेवलो.

गुराखी मुलगी असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मी वाडीत चौकशी केली. त्या बाजूला त्या दिवशी कुणी गेलं नव्हतं. मग मी मनाशी ठरवलं की भास झाला. बिघडलेल्या कानांचे खेळ असतात, पुस्तकात वाचलं होतं.

सुट्टी संपताना आम्ही दोघं कुरुंदवाडला गेलो. ते आईचं माहेर. आईची थोरली बहीण, गंगूमावशी, गावातच दिलेली होती. ती सोप्यात तांदूळ निवडत बसली होती, आबा शेजारी खांबाला टेकून. मी आपली गंमत म्हणून पठारावरची हकीकत सांगत होते. "टिटवे" म्हटल्यावर मावशीचा हात थांबला.

"परत सांग," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. हात वर कर, इथपर्यंत.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय, मावशी. आबांनी ऐकलं म्हणतात."

मावशीने सूप बाजूला ठेवलं. "आमचं रान नदीच्या पल्याड. मी लहानपणापास्नं तिकडं कामाला. तुझी आई भाकरी घिऊन अल्याड काठाला यायची. नावंत बसायला भ्यायची, म्हणून तिथनंच हाक मारायची. मी लई बडबडी, म्हणून मला टिटवी म्हणायची. माझा आवाज तिच्यापातुर पोचायचा न्हाय, वाऱ्याच्या उलट जायचा. मग ती म्हणायची, ऐकू आलं आसंल तर हात वर कर. हात केला की हासायची, भाकरी नाववाल्याजवळ द्यायची, आन्‌ पळत घराकडं."

"आईनं आबांना सांगितलं असेल कधीतरी."

"कवा सांगंल गं? त्या आवाजात?" मावशी म्हणाली. मग पुढे म्हणाली, "माझं लगीन झालं तवा माझ्या सासूला ते टिटवी-बिटवी आवडायचं न्हाय. तवापास्नं तुझ्या आईनं परत तसं म्हटलंच न्हाय. आमच्या आईबापालाबी म्हाईत नव्हतं ते."

ती रडत होती. आबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "काय झालं? काय म्हणतीया?"

मी त्यांच्या समोर बसले. ओठ सावकाश हलवून म्हणाले, "आबा, ती आई होती."

त्यांना कळलं हे मला दिसलं. त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, सगळ्या सोप्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "मला तिचा आवाज वळकू आला न्हाय."

आणि उठून बाहेर गेले. मावशी म्हणाली जाऊ नको, म्हणून मी गेले नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा धोतराच्या कडेला नदीचा चिखल होता.

त्यानंतर दर दिवाळीत ते माझ्याकडे यायचे, आणि पठारावर जायचेच. एकदा मावशीही आली. तिने पदर कमरेला खोचून दुपार काढली, तिला काही ऐकू आलं नाही. आबांनाही परत कधी आलं नाही. माग एकदाही थांबले नाहीत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, कानातला आवाज क्षणभर थांबणं शक्य आहे. पुढचं विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले आणि चांगल्या माणसासारखं सांगितलं की माहीत नाही.

मी स्वतः किती वेळा गेले असेन त्याला गणती नाही. ज्याचे कान गेले त्याला ऐकू आलं, आणि जिचे कान शाबूत, जी लहानपणापासून त्याच एका आवाजासाठी जीव टाकत होती, तिला शेजारी बसूनही आलं नाही. याचा मला आबांवर राग यायचा. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

आबा थकले, अंथरुणाला खिळले, तेव्हा एका दुपारी मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं टाळलं होतं.

"आबा, कसा होता तिचा आवाज?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"बारीक होता? जाडा? माझ्यासारखा होता का?"

ते आठवत राहिले. मग म्हणाले, "लांबनं हाक मारत व्हती... पर जवळ व्हता गं. लई जवळ."

याहून जास्त त्यांना सांगता आलं नाही. मलाही त्या दुपारबद्दल याहून जास्त काही कळलेलं नाही.