खालच्या मजल्यावरचा फोन

आमच्या वरच्या खोलीत एक बाई आपल्या आईबरोबर राहते. तिच्याबद्दल लिहावं असं जगावेगळं तिनं काही केलेलं नाही, आणि मला लिहिता येतं असंही नाही. पण त्या आठवड्याची धाकधूक अजून जात नाही.

ती एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. मजुरी तासावर. उद्या काम आहे की नाही, हे आज ठाऊक नसतं. सकाळी मुकादमीण फोन करते. उचलला तर काम, नाहीतर पुढच्या बाईला फोन. तास कमी होत गेले तसं तिनं घरातलं एकेक आवरतं घेतलं. आधी फळं गेली, मग बस. शेवटी फोनचं रिचार्जही थांबलं, तेव्हा तिनं मुकादमिणीला आमचा नंबर दिला.

"सगळं बंद केलंस," तिची आई जिन्यावरून म्हणाली, "माझं तोंड तेवढं चालू आहे. त्याला रिचार्ज लागत नाही ना!"

रोज सकाळी ती चपला घालूनच आमच्या दारात उभी राहायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही. फोन वाजला की मलाच धास्ती वाटायची. चुकून कट झाला तर? म्हणून मी तो न बघताच तिच्या हातात द्यायचो.

त्या आठवड्यात मुकादमीण म्हणाली होती, "शनिवारपर्यंत एकही खाडा केला नाहीस, तर पक्के तास देते." शुक्रवारपर्यंत निभावलं. शनिवारी फोन वाजला आणि तिनं झडप घातली. पलीकडे माझी मेहुणी.

"अगं बाई, कोण बोलतंय? ताईकडे पाहुणे का?"

आमच्या हिनं फोन घेतला. "ठेव गं, नंतर बोलू."

"म्हणजे? आता बहिणीचाही जाच व्हायला लागला का तुला?"

"जाच नाही गं, दुसरा फोन यायचाय…"

"कुणाचा एवढा मोठा? सांग तरी!"

शेवटी हिनं फोन कट केला. मग तो वाजलाच नाही. "करील परत," मी म्हणालो. माझं मलाच पटत नव्हतं. दारातली बाई एकदम म्हणाली, "काका, बसपुरते द्याल?" तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मी दिले आणि ती पळत सुटली.

संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसली. हिनं पाणी दिलं.

"काकू, जागा भरली होती. मुकादमीण म्हणाली, किती वेळा लावायचा? सारखा एंगेज. दुपारी थोडे टॉवेल घडी करायला दिले, बस."

"आणि पक्के तास?"

"म्हणाली, जिचा स्वतःचा फोन नाही, तिला पक्के तास कसे देऊ?"

हिला रडू आलं. तीच हिची समजूत घालत राहिली.

सोमवारपासून त्यांच्या दारातली दुधाची पिशवी बंद झाली आणि तिचा फोन सुरू झाला. पक्के तास अजून मिळालेले नाहीत. मेहुणीही अजून रुसलेली आहे. सकाळी वर फोन वाजतो तेव्हा आम्ही दोघं कप हातात तसाच धरून थांबतो. वरून "हॅलो" ऐकू आलं की मगच घोट घेतो.